डाव्या हातातली घडी

माझं झेरॉक्सचं दुकान आणि बाबारावांचं घडीचं दुकान, दोघांच्या मध्ये फक्त एक पत्रा होता. मंगरूळपीरच्या बसस्टँडकडून तहसीलकडे येताना आधी ते लागायचे, मग मी. त्यामुळे सातबारा, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला असं काहीबाही घेऊन माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्यांच्या नजरेखालून जायचं. कुणाची घडी मागे पडली आहे, कुणाचा पट्टा तुटायला आला आहे, हे त्यांना आधी दिसायचं, आणि माणूस कोण ते नंतर. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकानदार चांगला आहे, सकाळी नमस्कार करतो, माझ्याही दारापुढचं झाडून घेतो. तरी मला तो आवडत नाही. त्याचा काही दोष नाही, पण नाही आवडत.

बाबाराव इंझोरीचे. घरी थोडी शेती, ती गंगावहिनी बघायच्या, आणि हे सकाळच्या गाडीनं मंगरूळपीरला यायचे. काळसर, उंच, जरा पुढे वाकलेले. कपाळावर तारेच्या कड्यात अडकवलेलं भिंग. ते भिंग घरी जातानाही कधीकधी कपाळावरच राहायचं आणि कंडक्टर त्यांना तिकिटाबरोबर त्याची आठवण करून द्यायचा.

घडीच्या बाबतीत हा माणूस खोटं बोलत नसे. त्यामुळे धंद्याचं जे व्हायचं ते झालंच. एकदा एक जण जावयाला द्यायची घडी घेऊन आले. नवीनसारखी करून द्या म्हणाले. बाबारावांनी ती उघडली, बराच वेळ पाहिली आणि बंद करून त्यांच्या हातात दिली.

"हे घडी सा महिने चालन," ते म्हणाले. "सातव्या महिन्याचं मी सांगत नाही."

"अहो, लग्न परवा हाये!"

"मंग लग्नात चालन."

ते गृहस्थ रागारागानं माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, हा मानूस धंदा करून राह्यला का भविष्य सांगून राह्यला?" मी हसले. पत्र्यापलीकडून बाबारावांचं खाकरणं ऐकू आलं.

कुणी वेळ विचारली तर ते आधी "कायले पाह्यजे?" असं विचारत. दवाखान्यासाठी पाहिजे असेल तर मिनिटासकट सांगत. गाडीसाठी पाहिजे असेल तर म्हणत, "बस गुमान. थे कोठं येल हाये?" आणि कधीही "घडी बंद पडली" म्हणायचे नाहीत. "झोपली हाये," म्हणायचे. तिच्यात पाणी जाऊन सगळं गंजलेलं असलं तरी झोपलीच आहे. मला हसू यायचं. आता माझ्या दुकानातलं मशीन बंद पडलं की माझ्याच तोंडात ते येतं.

पण त्यांच्याबद्दल सगळ्यात आधी डोळ्यांत भरायचं ते वेगळंच. त्यांच्या दोन्ही हातांत घड्या होत्या. उजव्या मनगटावर त्यांची स्वतःची, जुनी, चावी द्यायची. डाव्या मनगटावर एक जाड, जड, पोलादी पट्ट्याची. आणि चालताना ते डावा हात असा झुलवायचे की बाजूनं जाणाऱ्यानं सांभाळूनच जावं. स्टँडवरचे रिक्षावाले ओरडायचे, "बाबारावभाऊ, परेड कोठं हाये आज?" ते थांबायचे नाहीत. हातही थांबवायचे नाहीत.

मी दुकान टाकलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलं, "भाऊ, दोन दोन घड्या कायले?"

"एक माही हाये. एक गिऱ्हाइकाची."

हे मला चमत्कारिक वाटलं, कारण दोनच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच मला त्यांच्या धंद्याचा कायदा सांगितला होता. दुरुस्तीला आलेली घडी घडीवाल्यानं हातात घालायची नाही. परटानं गिऱ्हाइकाचा सदरा घालून लग्नाला जावं तसं ते दिसतं. मग ही कोणत्या गिऱ्हाइकाची घडी आहे, जी हे रोज घालतात आणि वरून मिरवतात? ते कळायला मला वर्ष लागलं. तेही त्यांनी सलग कधी सांगितलं नाही, चहाच्या बशीबशीनं सांगितलं.

ते गिऱ्हाईक म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, माधव.

माधव आखाती देशात ड्रायव्हर होता. दहा वर्षं गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, म्हणून निघताना मालकानं स्वतःच्या मनगटावरची घडी काढून त्याला दिली. बाहेरून साधीच. पण चावी नाही आणि सेलही नाही. आत एक अर्ध्या चंद्रासारखं वजन. हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की तांदळाच्या कणीपेक्षा लहान असं एक लोहचुंबक गरगरतं, त्यानं तांब्याच्या तारेत वीज तयार होते आणि ती एका चपट्या डबीत साठते. पुढे मग कोणत्याही सेलच्या घडीसारखं. बाबाराव हे समजावून सांगताना शेतातलंच सांगायचे. "हे वजन म्हंजे मोटंचा बैल. बैल चालला का पानी येते. पानी टाकीत पडते. टाकीतून पाटानं वावरात. आता तुमी बैल गोठ्यात बांधून ठेवला, तं वावर कोठून भिजन?"

आणि माधवनं नेमका बैल गोठ्यात बांधला. आपल्याकडे चांगली वस्तू वापरतात थोडीच? चांगली वस्तू ठेवतात. मालकानं दिलेली घडी शेतात घालून कोण जाणार? त्यानं ती रुमालात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पेटीत ठेवली. लग्नाकार्यात काढायची, की परत पेटीत. चार लग्नं झाली आणि घडी थांबली. माधव ती घेऊन भावाकडे आला. घरात घडीवाला असताना बाहेर कुठे जाणार?

तेव्हा बाबारावांना ही जात माहीत नव्हती. मंगरूळपीरला कुणालाच नव्हती. त्यांनी झाकण उघडलं, ती चपटी डबी पाहिली आणि त्यांना वाटलं, हा सेल, संपला असेल. तसा सेल मिळाला नाही, म्हणून जवळपासच्या मापाचा घातला, खाली पितळी चकती देऊन नीट बसवला. घडी टकाटक चालू झाली. माधव खूश झाला आणि भावाचा मान ठेवायचा म्हणून, नवीन सेल आहे तर वापरून टाकू म्हणून, पहिल्यांदा ती रोज घालू लागला. इथेच सगळं बिघडलं. त्याचा हात हलायचा, आत वीज तयार व्हायची आणि ती त्या साध्या सेलात घुसायची. साधा सेल भरून घेणारा नसतो.

"ज्याचं पोट भरेल हाये त्याले तुमी अजून चारत राह्यले," बाबाराव म्हणायचे, "तं थो वकनच ना!"

तो ओकला. सेल फुगला, फुटला, आतलं पाणी तारेवर गेलं, तार खाल्ली गेली. माधवच्या मेहुणीच्या लग्नात, चारचौघांत, त्याच्या हातातली घडी थांबली. कुणीतरी चेष्टा केली असणार. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, काउंटरवर घडी ठेवली आणि म्हणाला, "लोकाच्या घड्या दुरुस्त करतो अन् भावाची मारून टाकली तू." मग खिशातला पेन काढून एका कागदाच्या तुकड्यावर स्वतःचा फोन नंबर लिहिला, खाली लिहिलं, 'चालू झाली तर कळवा', आणि गेला. भावाला नंबर लिहून देतात का कुणी? तो नंबर बाबारावांना पाठ होता. परक्या घडीवाल्याला द्यावी तशी चिठ्ठी देऊन गेला, तेच त्यांना जास्त लागलं.

माधव बायकोच्या माहेरी अनसिंगला राहायला गेला होता. तिथून मंगरूळपीर म्हणजे वाशीमला एक गाडी बदलायची, बस. पण त्या दिवसानंतर तो आला नाही. ती चिठ्ठी बाबारावांनी समोरच्या खिळ्याला टोचून ठेवली.

मी तिथे आले तेव्हा ही घडी त्यांच्या डाव्या हातात, पण बंद पडलेली होती, आणि बाबारावांची अवस्था तशीच. मग एक दिवस ते पत्र्याला टकटक करून म्हणाले, "ताई, तुमच्या त्या कम्प्युटरात घड्या सापडतात काय?" मी शोधलं. त्या जातीच्या जुन्या यंत्राची दुरुस्तीची पुस्तिका सापडली, इंग्रजीत, चौदा पानं. छापून दिली. इंग्रजी मी वाचायचे, चित्रं ते वाचायचे. मी अडखळत एक वाक्य पुरं करेपर्यंत ते चित्रावर बोट ठेवून म्हणायचे, "समजलं. फुडं चाला." पहिल्याच पानावर लिहिलं होतं, यात साधा सेल कधीही घालू नये. ते मी वाचलं आणि पान खाली ठेवलं. ते म्हणाले, "अजून एक डाव वाचा." मी परत वाचलं. मग त्यांनी त्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं आणि तीनच्या गाडीनं घरी गेले. इतक्या लवकर ते कधी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आले ते कामालाच लागले. अकोल्याच्या एका घडीवाल्याकडून त्याच जातीची एक मेलेली घडी मिळवली, तिची तार शाबूत होती. नवीन प्रकारची, भरता येणारी डबी कुठूनतरी मागवली. दोन झोपलेल्या घड्यांतून एक जागी करायची होती.

त्या दिवसांतली एक दुपार मी विसरणार नाही. ते कणीएवढं लोहचुंबक त्यांनी पोलादी चिमट्यानं उचललं, ते चिमट्याला चिकटलं, झटकलं तर उडालं. गेलं. बाबारावांनी मला हाक मारली. आम्ही दोघांनी काउंटर झाडला, फरशी झाडली, माझ्या दुकानाच्या अर्ध्या भागापर्यंत हात फिरवून पाहिला. दाखल्यांसाठी आलेले दोन म्हातारेही गुडघ्यांवर बसले. एक तास गेला. बाबारावांचा चेहरा मला बघवेना. ते सारखं एकच म्हणत होते, "दुसरी कोठून आनू? दुसरी कोठून आनू?" शेवटी त्यातला एक म्हातारा, ज्याला आम्ही काय शोधतो आहोत हेही धड माहीत नव्हतं, त्यांच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "बाबाराव, तुमच्या कानावर काय बसलं हाये? चिलट हाये का?"

भिंगाच्या तारेला, बरोबर कानाच्या वर, ते चिकटून बसलं होतं.

बाबाराव हसले नाहीत. त्यांनी ते कागदावर घेतलं, वर वाटी पालथी घातली आणि मग एकदम मटकन स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशी घरच्या जुन्या स्टोव्हच्या पितळी पट्टीचा चिमटा घासून घेऊन आले. लोहचुंबक पितळेला चिकटत नाही. तो चिमटा त्यांनी पुढे दुसऱ्या कोणत्याच घडीला वापरला नाही.

घडी चालू झाली त्या दिवशी त्यांनी मला बोलावून दाखवलं. तिच्या बाजूला, काट्याच्या चावीच्या वर, एक बारीक बटन होतं. ते दाबलं की सेकंदकाटा पटकन पुढे धावतो. पाच सेकंद धावला तर टाकीत थोडंच आहे. दहा, वीस, असं करत तीस सेकंद धावला तर टाकी पूर्ण भरली. आणि अगदीच कमी असेल तर काटा एकेक सेकंद चालत नाही, दोन सेकंदांची उडी मारतो, मग दोन सेकंद थांबतो, परत उडी. "दम लागलेला मानूस चालते तसा," ते म्हणाले. त्या दिवशी काटा उड्या मारत होता. बाबारावांनी ती घडी परत डाव्या हातात चढवली आणि मला म्हणाले, "तीस दाखवल्याबिगर मालकाच्या हाती द्याची नाही."

तीस दाखवायला आठवडाही लागला नाही. मग महिना गेला, वर्ष गेलं, अकरा वर्षं गेली. घडी डाव्या हातातच राहिली.

कारण ही घडी काढून ठेवता येत नव्हती. पेटीत ठेवली की परत टाकी रिकामी, आणि रिकामी टाकी फार दिवस राहिली तर परत खराब. तिला एकच खाणं, हलता हात. म्हणून ती परेड. बसमध्ये जागा असली तरी हे उभे राहायचे आणि वरची दांडी डाव्या हातानं धरायचे, म्हणजे खड्ड्याखड्ड्याला घडी भरते. इंझोरीचा रस्ता नवीन झाला तेव्हा अख्ख्या गाडीत एकटे हेच नाराज होते. "आता काय खाक भरन?" म्हणाले. एकदा त्यांना पंधरा दिवस ताप आला. अंथरुणात हात हलेना, म्हणून त्यांनी घडी गंगावहिनींच्या हातात बांधली. वहिनी ज्वारीच्या भाकरी थापतात, दोन वेळच्या, शिवाय शेतावरच्या बायांच्या. घडी तीसच्या खाली आली नाही. वहिनी मला म्हणाल्या, "भाकरी मी कराची, अन् पोट याहीच्या भावाच्या घडीचं भराचं!"

मी त्यांना किती वेळा म्हटलं, भाऊ, फोन करा. चिठ्ठी समोर टांगली आहे. 'चालू झाली तर कळवा' एवढंच तर म्हणाला आहे तो. ते म्हणायचे, "घडी न्यायले मालक येते, ताई. घडीवाला जात नाही." हाही धंद्याचा कायदा. मला राग यायचा. कायदा मोडून घडी हातात घालता येते आणि फोन उचलता येत नाही!

आणि तरी, चिठ्ठीची शाई उडायला लागली तेव्हा ती घेऊन माझ्याकडे कोण आलं? "ताई, याची एक कॉपी काढून द्या. जरा डार्क काढजा." मी काढून दिली. ती खिळ्याला लागली. पाचसहा वर्षांनी ती पिवळी पडली, तर तिची परत कॉपी. तो नंबर माझ्या मशीनमधून दोनदा गेला. दुसऱ्या वेळी मी एक कॉपी जास्त काढली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. का ठेवली, माहीत होतं. पण फोन मीही केला नाही. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत आपण कशाला, असं स्वतःला सांगायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या घरातलेच कागद हाताळणारी बाई मी.

एकदाच, फक्त एकदाच, ते खरं बोलले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानं आवरताना मी परत टोकलं, तेव्हा डाव्या मनगटाकडे बघत ते म्हणाले, "मी फोन करीन अन् थो म्हनन, ठेव तुह्याचजवळ. मंग काय करू, ताई? आता कमीत कमी थो येईन असं तं वाटते."

त्यानंतर मी टोकलं नाही. टोकायला पाहिजे होतं, असं आज वाटतं.

मागच्या उन्हाळ्याआधीच्या उन्हाळ्यात चार दिवस त्यांचं दुकान उघडलं नाही. पाचव्या दिवशी कंडक्टरनं सांगितलं, झटका आला, डावी बाजू गेली, दवाखान्यातून घरी आणलं आहे. मी दुकान लावून इंझोरीला गेले. ओसरीत खाट टाकलेली होती. बाबाराव पडून होते, भिंग नसलेलं त्यांचं कपाळ मला पहिल्यांदाच दिसत होतं. डावा हात चादरीवर ठेवलेला, ठेवलेलाच, आणि त्यात ती घडी. काटा थांबलेला; अकरा वर्षांची टाकी आता फार दिवस धरत नसावी.

"दुसऱ्या हातात घाला म्हनलं, मी घालतो म्हनलं," वहिनी म्हणाल्या, "तं काढूच देत नाहीत. डाक्टरनं सांगतलं, तो हात कोनीतरी रोज शंभर डाव वर-खाली करा. तं थेही करू देत नाहीत. मुंडी हालवतात नुसती."

मी खाटेजवळ बसले. बाबारावांनी उजव्या हाताच्या बोटानं घडीकडे दाखवलं. शब्द जड येत होते.

"झो... पली," ते म्हणाले.

मी घरी आले नाही, तिथूनच, त्यांच्या अंगणातल्या निंबाखालून फोन लावला. ड्रॉवरमधली कॉपी निघताना मी पर्समध्ये टाकली होती. पलीकडून एक जाड आवाज "हॅलो" म्हणाला. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. मी म्हणाले, "मी मंगरूळपीरची बोलून राह्यली, घडीच्या दुकानाजवळची. तुमची घडी चालू झाली व्हती. अकरा वर्सं चालू व्हती. आता थांबली हाये." पलीकडून विचारलं, "दादा कसा हाये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मंगरूळपीरच्या स्टँडवर उतरला. मी ओळखलं, कारण तोही तसाच उंच आणि जरा पुढे वाकलेला. आम्ही एकाच गाडीनं इंझोरीला गेलो. जागा असून तो उभाच राहिला. बरंच अंतर गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले वाटलं, कळवतीन. रोज वाटे, आज कळवतीन. कळवलं नाही म्हंजे झाली नसन चालू, असं वाटलं. अन् मंग मी कोन्या तोंडानं जाऊ? मीच तं बोललो व्हतो थे." मी खिडकीबाहेर बघत राहिले. ड्रॉवरमधल्या कॉपीबद्दल त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

ओसरीत तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. बाबारावांनी त्याला पाहिलं. वहिनी पाणी आणायला म्हणून आत गेल्या त्या लवकर आल्याच नाहीत. माधव हळूच खाटेच्या कडेवर बसला आणि त्यानं भावाचा डावा हात उचलून मांडीवर घेतला. घडी पाहिली. पाठीवर, पट्ट्यावर बोट फिरवलं. मग, थांबलेली घडी आपण जशी हलवून बघतो, तसं त्यानं ते मनगट हलवून पाहिलं. मनगट लुळं पडलं. त्यानं घाबरून वर पाहिलं.

बाबारावांनी उजव्या हातानं खूण केली. तसं नाही. मोठं. खांद्यापासून.

माधवनं सगळा हात धरला, एक हात कोपराखाली, एक मनगटाखाली, आणि वर नेला. खाली आणला. वर नेला. या वेळी बाबारावांनी नको म्हणून मान हलवली नाही. वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून. माधव बारीक आवाजात मोजत होता. शंभर झाले, तो थांबला नाही. दोनशेच्या पुढे त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यानं हात मांडीवर ठेवला आणि तिघंही घडीकडे वाकलो. काटा दोन सेकंदांनी उडाला. थांबला. परत उडाला.

माधव रडायला लागला. मोठा माणूस, पिकल्या मिशांचा, लहान मुलासारखा. "चालू झाली, दादा," एवढंच म्हणत होता. खूप वेळानं डोळे पुसून म्हणाला, "आता नेऊ काय?"

बाबारावांनी उजव्या अंगठ्यानं ते बारीक बटन दाबलं. काटा जेमतेम पाच सेकंद सरकला.

"भर... ली नाही," ते म्हणाले. "तीस... पाह्यजे."

"बरं," माधव म्हणाला.

तो राहिला. अनसिंगला बायकोला निरोप पाठवला आणि तिथेच राहिला. रोज सकाळी आणि रोज दुपारी तो हात वर-खाली व्हायचा. मी रविवारी जात असे. बाबारावांच्या बोलण्यात थोडा जीव आला, बोटं जराशी वळायला लागली. पण डॉक्टरनं आम्हाला वेगळं काही सांगितलं होतं, ते आम्ही तिघंच जाणून होतो, आणि मला वाटतं, खाटेवरचा माणूसही.

शेवटचा रविवार पोळ्याच्या थोडा आधीचा. मी परतीच्या गाडीसाठी निघत होते, म्हणून खाटेच्या डोक्याशी उभी होते. माधवचे दोनशे नुकतेच झाले होते. काटा आता उड्या मारत नव्हता, एकेक सेकंद नीट चालत होता. माधवनं विचारलं, "पाह्य, दादा. आज किती?"

बाबारावांनी उजव्या हातानं मनगट स्वतःकडे वळवून घेतलं, भावाला दिसणार नाही असं, आणि बटन दाबलं. मी वरून पाहत होते. काटा सुटला आणि धावला, पाच, दहा, वीस, आणि बरोबर तिसावर जाऊन उभा राहिला.

"दहा," बाबाराव म्हणाले.

मग त्यांची नजर वर माझ्याकडे गेली. मी पाहिलं आहे, हे त्यांना कळलं. त्यांनी नजर खाली घेतली नाही. मी पर्स खांद्याला लावली.

"अजून भरली नाही काय?" माधव म्हणाला.

"नाही."

"बरं," असं म्हणून त्यानं भावाचा हात परत दोन्ही हातांत घेतला आणि वर उचलला. मी अंगणात उतरले, चप्पल घातली. रस्त्याला लागेपर्यंत मला माधवचं मोजणं ऐकू येत होतं. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली होती.